‘केस’ या शब्दाचे खण

आधी मास्तरांचं सांगतो, मग माझं. मास्तर म्हणजे आमच्या छापखान्यात प्रूफं तपासणारे गृहस्थ. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांची उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली. घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर भस्माचे पट्टे आणि कोटाच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सांगायला गेलं तर चार वाक्यांत संपतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पण आज मी सोलापुरात आहे, दोन वेळ जेवतो आहे, घरी पैसे पाठवतो आहे, ते त्यांच्यामुळे. म्हणून त्यांना पहिली जागा.

मी मूळचा मालवणकडचा. इंग्रजी दुसरीत असताना वडील गेले आणि शाळा तिथेच राहिली. घरी आई आणि दोघी बहिणी. वडिलांच्या ओळखीच्या एकाने चिठ्ठी दिली, ती घेऊन मी बोटीने मुंबईला आणि तिथून गाडीने इकडे आलो, आणि भवानी पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. ही हकिगत घडली तेव्हा मला इथे चार वर्षं झाली होती. वय बावीस. तरी सगळे मला कोकण्याच म्हणत. पहिल्या दिवशी मी बोलताना ‘माका’ म्हणालो होतो. ते आमच्या दुसऱ्या जुळाऱ्याने चार वर्षं पुरवून वापरलं. तो मोडनिंबचा.

छापखाना लहानच. मालक, मशीन चालवणारा एक, आम्ही दोघे जुळारी, आणि मागच्या खोलीत मास्तर. दोन्ही अंगांना विणकरांची घरं, तेलुगू बोलणारी. दिवसभर मागांची खटखट. पहिल्या महिन्यात त्या आवाजाने माझं डोकं दुखायचं. पुढे सणाच्या दिवशी तो आवाज बंद असला की दुखायला लागलं.

खिळे ज्यात ठेवतात त्याला केस म्हणतात. लाकडाचं मोठं, उथळ, तिरकं ठेवलेलं खोकं, आत लहानमोठे खण. इंग्रजीला दोन केशी पुरतात. मराठीला जोडाक्षरं, काने, मात्रा धरून समोर आणि दोन्ही बाजूंना केशी लावाव्या लागतात, आणि माणूस मधे उभा राहतो, दुकानात वाण्याने बसावं तसा. कोणता खिळा कुठल्या खणात हे हाताला पाठ होतं. डाव्या हातात लोखंडी पट्टी, तिच्यात उजव्या हाताने एकेक खिळा आणून लावायचा. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते. ती खाच बोटाला लागली की कळतं, अक्षर सरळ आहे. त्यासाठी बघावं लागत नाही. बघत बसणारा जुळारी दिवसाला पान काढू शकत नाही.

दुपारी जेवताना मास्तर डिक्शनरी काढायचे. जाडजूड, पुठ्ठा निघालेली, एका साहेबाच्या सामानाच्या विक्रीत घेतलेली. तिच्यात शब्दाचा अर्थ असायचाच, शिवाय तो शब्द कुठून आला तेही असायचं. माझी शाळा अर्धी राहिली हे त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, “तम्मा, रोज एक शब्द. भाकरीबरोबर कांदा खातोस तसा.” कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. माझ्या वयाची त्यांना नातवंडं शोभली असती, पण तम्मा म्हणायचे.

एक दिवस मी विचारलं, मास्तर, ह्या खोक्याला केस का म्हणतात. त्या दिवसांत आम्ही एका वकिलाच्या अपिलाचे कागद जुळवत होतो, आणि त्यातही ओळीओळीला केस होतं.

“दोन निरनिराळे शब्द आहेत ते,” मास्तर म्हणाले. “दिसायला एक.” मग त्यांनी पान काढून बोट ठेवलं. एक केस लॅटिनमधल्या पेटीवरून आलेला. धरून ठेवणारी वस्तू. चष्म्याची केस, घड्याळाची केस, आपली खिळ्यांची केस ही सगळी त्याची पोरं. कॅश हाही त्याच घरातला, कारण पैसे पेटीत ठेवत. दुसरा केस आलेला पडणे ह्या धातूवरून. माणसावर जे येऊन पडतं ते. कोर्टातली केस ती, दवाखान्यातली केस ती. व्याकरणात आपण विभक्ती म्हणतो तिलाही इंग्रजीत केस म्हणतात, का तर नाम आपल्या सरळ रूपावरून जरा कलतं, पडतं. चान्स, ॲक्सिडेंट हे सगळे त्या पडण्याचेच नातेवाईक.

“आणि इन केस?” मी विचारलं. तेही कागदात होतं.

“इन केस म्हणजे न जाणो. पडलंच अंगावर, तर.”

मोडनिंबचा भाकरी मोडत ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, मंग आपल्या मालकाकडं केशी लई हायत की. येवड्या केशी आन डोस्क्यावर येक न्हाय.”

मालक पुढच्या खोलीत होते. त्यांचं टक्कल गुळगुळीत होतं. मास्तर हसले, शेंग फोडली, आणि पुढच्या शब्दाकडे गेले. मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बोटांना कळेनासं झालं. आधी अंगठा, मग शेजारची दोन बोटं. मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनात. सकाळी तांब्या धरला की तो थंड आहे हे तळव्याला कळायचं, बोटांना नाही. पोटातही मधूनमधून पीळ पडायचा, पण तो मी ज्वारीच्या भाकरीवर घातला होता. आमच्याकडे भात. चार वर्षांत तो बहाणा जुना झाला होता, तरी चालवत होतो.

आणि उजव्या मनगटाच्या वर एक फिकट डाग होता. चवलीच्या नाण्याएवढा.

डाग फिकट आणि बोटं बधिर, म्हणजे काय, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात एकाला महारोग झाला तेव्हा त्याचं घर शेवटाला नेलं होतं. त्याच्या बहिणींना मागणी आली नाही. आईचं नुकतंच पत्र होतं की धाकटीचं एके ठिकाणी बोलणं चालू आहे, माणसं चांगली आहेत, तू ये. मी सदरा लांब हाताचा घालायला लागलो. आईला लिहिलं, काम फार आहे. दवाखान्यात गेलो नाही. गेलो की कळणार, आणि कळलं की मी इथे नाही आणि तिथेही नाही. इथे खोली देणारे काढून टाकतील, छापखाना काढेल. आणि गावी गेलो तर माझ्या रोगाची बातमी धाकटीच्या लग्नाआधी पोचणार.

भीती वाटत होती असं मी म्हणतो, पण खरं तर सुरुवातीचे काही दिवस सोडले तर काहीच वाटत नव्हतं. उठायचं, नळाला अर्धा तास पाणी यायचं ते भरायचं, कामावर जायचं. मागांचा आवाज लांबून यायचा. एकदा केशीच्या कडेवर हात आपटला, रक्त आलं. ते मी मोडनिंबच्याने दाखवल्यावर बघितलं.

मग अक्षरं उलटी पडायला लागली. प्रूफ काढलं की एखादा ‘म’ पाय वर करून, एखादा ‘त’ डोक्यावर. अशी चूक नवशिक्या करतो, पहिल्या आठवड्यात. चार वर्षांचा जुळारी करत नाही.

“आरं कोकण्या,” मोडनिंबचा म्हणायचा, “तुजी अक्षरं शिरसासन कराय लागली की. वकिलाचं अपील हाय का तालीम?”

“घाईत झालं,” मी म्हणायचो.

“घाई कुटली? माज्यापरीस निम्मं काम न्हाय तुजं.”

तेही खरं होतं. दुरुस्तीला बसलो की आणखी वेळ जायचा. दुरुस्ती करताना एका हातात चिमटा, एका हाताने ओळ आवळून धरायची, मग काढलेले आणि घालायचे खिळे ठेवायचे कुठे? आम्ही ओठांत धरायचो. चार, सहा. मी तर बोटांत धरलेला खिळा निसटतो म्हणून जास्तच धरायला लागलो होतो. जिभेला खाच कळायची. ते मला सोयीचं वाटलं.

मालकांनी दोनदा सांगितलं. ओरडले नाहीत. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाले, “हे अपील होऊ दे, मग बसून बोलू.” मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझी आठ-दहा प्रूफं ओळीने लावलेली.

“दार लोटून घे,” ते म्हणाले. “ही बघ सकाळची. एक अक्षर उलटं नाही. ही चारनंतरची. बघ किती खुणा आहेत. ही सकाळची, स्वच्छ. ही उजेड गेल्यावरची. असं का होतं, तम्मा?”

मी हात टेबलाखाली घेतले.

“उजेड असला की तू डोळ्यांनी बघून लावतोस. म्हणून काम हळू. उजेड कमी झाला की बोटांवर येतोस, आणि बोटं सांगत नाहीत. हात दाखव.”

मी म्हणालो, “मास्तर, हात नको.”

“का?”

तेव्हा मी सांगितलं. बाही वर करून डाग दाखवला. आणि म्हणालो, तुम्ही लांब बसा. ह्या सगळ्यात मला रडू आलं नाही. दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. मग खुर्ची पुढे ओढली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. एकेक बोट दाबून बघितलं. हे कळतं का, हे कळतं का. ते डॉक्टर नव्हते, त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं. तरी बराच वेळ धरून बसले. त्यांच्या हाताला शेंगांच्या टरफलांचा वास होता एवढं आठवतं. बोटांना त्यांचा हात लागत नव्हता, तळव्याला लागत होता.

“उद्या दवाखान्यात जाऊ,” ते म्हणाले.

“मालक?”

“मालकांना मी सांगतो काय सांगायचं ते.”

दवाखान्यात पडवीत माणसं ओळीने बसलेली. पट्टेवाला नाव लिहून घेत होता. माझा डाग बघितल्यावर त्याने लेखणी लांब धरली आणि आत आवाज दिला, “नवी केस, हिकडची.” हिकडची म्हणजे पडवीच्या शेवटी जो वेगळा बाक होता तिथली. मास्तर माझ्याबरोबर येऊन त्या बाकावर बसले.

“तुमी कोन?” पट्टेवाल्याने विचारलं.

“ह्याचा मोठा भाऊ.”

पट्टेवाल्याने एकदा भस्माकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “दिसत न्हाय.”

“तो आईवर गेलाय,” मास्तर म्हणाले.

मी त्या बाकावर बसून केस ह्या शब्दाचा विचार करत होतो. हसायला येईल कुणाला, पण तेवढाच विचार डोक्यात राहू शकत होता. वहीत मी दोन रकाने केले होते, एक पेटीचा, एक पडण्याचा. मला वाटलं, डिक्शनरी लिहिणाऱ्याने दोन शब्द वेगळे केले, पण ह्या बाकावर ते वेगळे राहत नाहीत. आधी अंगावर येऊन पडतं, मग माणसाला खणात टाकतात. मोकळी जागा बघून कुणी टाकत नाही, खण आधीपासून ठरलेला असतो. पट्टेवाल्यालाही आमच्यासारखाच तो पाठ होता, न बघता टाकला त्याने.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून पीस फिरवलं, टाचणी टोचली, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावल्या. कोपराच्या मागची शीर चाचपली. कानाच्या पाळीला चिमटा घेऊन जरासं कापलं आणि ते काचेवर पुसलं. म्हणाले, आठ दिवसांनी या, तोवर काही सांगत नाही. आणि हाताचं काम बंद.

ते आठ दिवस मास्तरांनी मालकांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. वकिलाचं अपील महत्त्वाचं, एकट्याच्या डोळ्यांवर सोडण्यासारखं नाही, मूळ कागद मोठ्याने वाचायला एक माणूस हवा, कोकण्याचं वाचन चांगलं आहे. मालकांनी मान्य केलं. मग मी मागच्या खोलीत बसून वाचायचो, मास्तर प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा वाचायचे असतात. मी दिवसभर वाचायचो आणि काय वाचलं ते संध्याकाळी सांगता आलं नसतं.

जेवताना मी दाराजवळ जाऊन बसलो.

“इकडे बस,” मास्तर म्हणाले.

“आठ दिवस तरी वेगळा बसतो.”

“आठ दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं तर वेगळे बसू. आत्तापासून सराव कशाला.” आणि त्यांनी आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला, वर शेंगांची चटणी. त्यांच्या घरून येणाऱ्या भाकरीला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. मोडनिंबच्याने काही विचारलं नाही. त्याला समजलं असावं. त्या आठवड्यात तो मला एकदाही कोकण्या म्हणाला नाही, आणि तेच मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

आठव्या दिवशी पुन्हा तोच बाक, तेच मास्तर. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, “महारोग नाही. डाग साध्या शिब्याचा आहे, कातडीवरचा, मलम देतो.”

मास्तरांनी सुस्कारा टाकला. मी तसाच उभा. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, तो मागून येईल.

“मग बोटं?” मास्तरांनी विचारलं.

डॉक्टर कागद ठेवणार होते ते थांबले. “काम काय करतो हा?”

“छापखान्यात. खिळे जुळवतो.”

डॉक्टरांनी मला खिडकीशी नेलं, अंगठ्याने खालचा ओठ ओढला आणि हिरड्या बघितल्या. मग मास्तरांना बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मला ती कधी दिसली नव्हती. खोलीत आरसा नव्हता.

“खिळे तोंडात धरतोस?”

“दुरुस्तीला धरावे लागतात.”

“शिसं आहे ते. चार वर्षं शिसं चघळतो आहेस. हात धुऊन जेवतोस का?”

मी म्हणालो, पाणी कमी असतं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. औषध लिहून दिलं, दूध घ्यायला सांगितलं. म्हणाले, बोटं सुधारतील, किती ते सांगता येत नाही. पण खिळ्यांना पुन्हा हात लावायचा नाही. लावलास तर मनगटच उचलणार नाही.

परत येताना मास्तर पुढे, मी मागे. पेठेत शिरलो तेव्हा मला आईचं पत्र आठवलं आणि पुढे चालवेना. एका ओट्यावर बसलो. मास्तरांनी शेंगा काढल्या. दोघांनी खाल्ल्या. त्यांनी एकही शब्द विचारला नाही आणि सांगितलाही नाही.

आता प्रश्न कामाचाच राहिला. ज्याला खिळ्यांना हात लावता येत नाही असा जुळारी छापखान्यात काय करणार? मालकांनी अपील होईपर्यंत वाचायला ठेवलं. नंतर म्हणाले, “हे बघ, मला वाईट वाटतं. पण मागच्या खोलीत दोन माणसं मला परवडत नाहीत.” त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी खोलीवर जाऊन ट्रंक आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मालकांकडे गेले. मी दाराशीच होतो.

“मालक, माझी नजर गेली. बारीक टाईप दिसत नाही. मी गावी जातो म्हणतो.”

“अचानक?”

“अचानक कसली, बरेच दिवस बोलणार होतो. हा आहे की. चांगला तयार झालाय. चारनंतरची प्रूफं तर माझ्यापेक्षा बरी बघेल.”

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघ बुवा. मास्तर म्हणतात तर.”

मास्तरांना पोचवायला मी होटगी जंक्शनपर्यंत गेलो. पुढची गाडी यायची होती. ते आणि त्यांची बायको वळकटीवर बसले होते. बायको मला कानडीत काही म्हणाल्या, मास्तर म्हणाले, “वेळेवर जेव म्हणते.” समोरच्या फलाटावर, रुळांच्या पलीकडे, भिंतीला वेळापत्रकाचा कागद लावला होता. बारीक छापाचा. मी उठून पूल ओलांडून बघायला निघालो.

“बस तम्मा, बस,” मास्तर म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांनी तिथूनच मान वर करून तो कागद वाचला आणि गाडीला अजून पाऊण तास आहे म्हणाले.

मी खाली बसलो. त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग पदराशी चाळा करत रुळांकडे बघत राहिल्या. मला बोलायला हवं होतं. त्या पाऊण तासात मी एकच गोष्ट विचारली, पाणी आणू का. त्यांनी हो म्हटलं, मी आणलं.

गाडी आली तशी गेली.

त्याला आता काही वर्षं झाली. धाकटीचं लग्न त्याच ठिकाणी झालं, तिला एक मुलगा आहे. उजवा अंगठा परत आला. शेजारच्या बोटाला अजून टोकाशी कळत नाही, पेन्सिल धरायला ते अडत नाही. मोडनिंबच्याने ओठांत खिळा धरलेला दिसला की मी मागच्या खोलीतून हाक मारतो, आणि तो म्हणतो, “आलं आमचं डाक्टर.” पण काढतो. मालकांनी दाराशी पाण्याचा रांजण ठेवला आहे. केस ह्या शब्दाखाली वहीत मी पुढे आणखी काही अर्थ मिळवले, पण ते दाखवायला कुणी नाही.

मास्तरांना मी दर दिवाळीला पत्र टाकतो. उत्तर येतं, मोठ्या अक्षरात, मुद्दाम मोठ्या, नजर गेलेल्या माणसाने लिहावं तसं. मी त्यावर काही लिहीत नाही. त्यांना मूल नाही. जमीन भावकीत गेलेली. बाईंना संधिवात आहे असं मागच्या पत्रात होतं, आणि विहिरीचं पाणी ओढायला शेजारची पोर येते असंही होतं. त्या पोरीचं लग्न होईल तेव्हा कोण येणार, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

मी भवानी पेठेतच दोन खोल्यांची जागा बघून ठेवली आहे. अजून घेतलेली नाही. मला गोष्टींना उशीर होतो, भीतीनेच होतो. पण त्या दोघांना बघायला कुणी उरलं नाही असा दिवस आला, तर मी त्यांना न विचारता जाऊन घेऊन येईन, आणि शेवटपर्यंत माझ्याकडे ठेवीन. त्यांना हे अजून कळवलेलं नाही. इथे लिहिलं आहे, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.